दुपारी तीननंतरची स्की: सेंट अँटनची सहल

स्की विकत घ्यायच्या आधी त्या बर्फावर चालवून बघायच्या, यावर ताईचं आणि माझं पूर्वीच एकमत झालं होतं. जागा ठरवायला मात्र वेळ लागला. शेवटी ऑस्ट्रियातलं सेंट अँटन ठरलं. आर्लबर्गच्या डोंगरांत १,३०४ मीटरवर वसलेलं हे गाव झुरिक–व्हिएन्ना रेल्वेमार्गावरच आहे. गाडीतून उतरायचं, सामान टाकायचं आणि थोडं चालून गाल्त्सिग डोंगरावर जाणाऱ्या गोंडोलापाशी जायचं. या गोंडोलाचं खालचं स्टेशन बघण्यासारखं आहे. डबे एका प्रचंड चाकावरून फिरत जमिनीच्या पातळीवर येतात, त्यामुळे जड बूट घालून जिने चढावे लागत नाहीत. स्कीचे बूट घालून जिना उतरलेल्या कुणालाही यातलं सुख कळेल.

आम्हा दोघींना हवी होती ऑल-माउंटन स्की, म्हणजे एकाच जोडीवर यंत्राने सपाट केलेले उतार, उंचवट्यांचे मोगल, दुपारचा तुडवलेला बर्फ आणि नशीब असेल तर थोडा ताजा भुसभुशीत बर्फसुद्धा. अशा स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, साधारण ८० ते १०० मिलिमीटर असते. अरुंद कंबर कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते, रुंद कंबर मऊ बर्फात वर राहते. आल्प्समध्ये दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ वारंवार भेटतो, म्हणून मी ८५ ते ९२च्या पलीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ताईचा डोळा ९६वर होता. तिचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त, पाय मजबूत, आणि वेगाची भीती तिला लहानपणापासूनच नाही.

चाचणीच्या जोड्या देणाऱ्या दुकानात स्त्रियांच्या स्की वेगळ्या भिंतीवर लावलेल्या होत्या. त्या नक्की कशात वेगळ्या असतात? काही मॉडेल्समध्ये फरक रंगाचा आणि छोट्या लांबीचा. काहींमध्ये गाभ्याचं लाकूड हलकं असतं, धातू कमी असतो आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी कळ, बसवायची खूण जराशी पुढे असते. ब्लिझार्ड कंपनीची स्त्रियांची ब्लॅक पर्ल ८८ आणि ब्रह्मा ८८ या तशा बहिणी, पण पर्लमध्ये धातू कमी. नॉर्डिकाच्या एन्फोर्सरमध्ये टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन थर, तर तिच्या स्त्रियांसाठीच्या सांता ॲनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एकच. हलक्या चणीच्या स्कीअरला हे सोयीचं, कारण स्की वाकवायला लागतं ते वजन आणि वेग. ताईसारखीला मात्र त्या भिंतीवरच्या निम्म्या जोड्या लवकरच अपुऱ्या पडणार होत्या, पण वजन आणि वेग काउंटरवर कुणी विचारला नाही.

तिथल्या तरुणाने माझी उंची विचारली, १६० सेंटिमीटर ऐकलं आणि लगेच हनुवटीपर्यंत येणारी जोडी पुढे केली. बाई दिसली की आखूड स्की द्यायची, हा नेम मला अनेक ठिकाणी दिसलेला आहे. शिकाऊ माणसाला ते ठीक आहे. पण आजच्या ऑल-माउंटन स्कीची टोकं वर वळवलेली असतात (याला रॉकर म्हणतात), त्यामुळे कडक उतारावर प्रत्यक्ष टेकणारी कड लांबीच्या मानाने कमीच भरते. लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार सहज उतरणारीने नाक ते कपाळ या टप्प्यातली लांबी मागावी. मी १५२च्या आसपासची मागून घेतली.

सकाळी गाल्त्सिगवरून, साधारण २,१८५ मीटरवरून, खाली येताना सगळ्याच स्की गोड वाटल्या. नुकत्याच विंचरलेल्या उतारावर वाईट स्की सापडणं कठीण! अगदी हलकी, धातू नसलेली जोडीसुद्धा नुसता घोटा कलंडवला की वळत होती. ताई म्हणाली, “अगं, हीच घे की, कशाला दमतेस?” मी म्हटलं, “ताई, तीन वाजू देत.”

तीन वाजता सगळं गाव श्टाइसबाख्तालमधून घरी निघतं. या दरीला हॅपी व्हॅली म्हणतात; नाव ठेवणाऱ्याने ती सकाळीच पाहिली असावी. बाजूच्या उतारांवरची माणसं इथे एकत्र येतात, बर्फाचे जड ढिगारे साचतात आणि त्यांच्या मधे घासून गुळगुळीत झालेले कडक पट्टे उघडे पडतात. सकाळची माझी लाडकी जोडी इथे फडफडायला लागली. टोक प्रत्येक ढिगावर उडायचं, कड पकडायच्या आधीच स्की पुढे निसटायची. मग जोडी बदलून, टायटॅनलचा एक थर असलेली घेऊन आले, त्सामरमोसच्या खुर्चीलिफ्टने पुन्हा वर गेले आणि तोच रस्ता उतरले. ढिगारे तेच होते, पण स्की त्यांच्यातून सरळ जात होती. पुढे भरपूर धातूची जोडी घेतली तेव्हा ती याहून शांत धावली, पण गर्दीत छोटी वळणं घेताना तिला माझ्या पायांनी ओढावं लागत होतं, आणि खाली येईस्तोवर मांड्या पेटल्या होत्या. ताई मात्र त्याच जोडीवर गाणं म्हणत उतरली.

शिंडलरकारला वेगळाच धडा मिळाला. हा आखलेला स्की-रूट आहे, म्हणजे हिमस्खलनापासून राखलेला, पण यंत्राने सपाट न केलेला. दुपारपर्यंत तिथे मोगल तयार होतात. तिथे धातूपेक्षा शेपटीचा, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाचा, ताठपणा जास्त बोचतो. ताठ शेपटी चुकीला माफ करत नाही, वजन जरा मागे गेलं की पुढच्या उंचवट्यावर फेकून देते. माझी निवड इथेच पक्की झाली: ८८ कंबर, धातूचा एक थर, शेपटी जराशी मऊ.

इलान कंपनीच्या रिपस्टिक स्कीवर डाव्या-उजव्या पायाची खूण असते. आतली कड धरणारी, बाहेरची सैल सोडणारी. फरक जाणवतो, पण मला त्यासाठी वेडं व्हावंसं वाटलं नाही.

एका ढगाळ सकाळी गावातल्या संग्रहालयात गेलो. इथल्याच उतारांवर स्की-शिक्षक हान्नेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्की शिकवण्याची आर्लबर्ग पद्धत घडवली. १९३८मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेला गेले. त्या काळी स्की निवडायची रीत म्हणजे हात वर करायचा आणि टोक तळव्याला लागतंय का ते बघायचं. १९९०च्या दशकात कंबर अरुंद आणि टोकं रुंद असलेल्या स्की आल्या, तेव्हा कुठे लांबी हनुवटी-कपाळापर्यंत उतरली.

व्हालुगा शिखराच्या माथ्यावर, २,८११ मीटरवर, स्की घेऊन जायला गाइड लागतो. आम्ही रिकाम्या हातांनी जाऊन आलो.

बाइंडिंगबद्दल मात्र थांबून सांगते. बूट किती जोर आल्यावर सुटेल तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीअरचा प्रकार (सावध की बेधडक) यांवरून तक्त्यातून निघतो. बायकांसाठी वेगळा तक्ता नाही. प्रकार तुम्हीच सांगायचा असतो, तिथे फुशारकी नको. स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाच्या दुखापती पुरुषांपेक्षा जास्त होतात, आणि नेहमीचं बाइंडिंग मुळात नडगीचं हाड वाचवण्यासाठी घडवलेलं आहे, या अस्थिबंधाची हमी ते देत नाही. म्हणून ‘सारखी सुटते’ म्हणत आकडा स्वतः वाढवायचा नाही. सुटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकची रुंदीही स्कीच्या कंबरेपेक्षा थोडीच जास्त हवी. ८८ला ९० बसतो, ११० घेतला तर तो बर्फात अडकतो. आणि बूट पायाला घट्ट नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. आधी बूट घ्या, पैसे उरले तर स्की.

ताईने ९६ सोडून ९३वर तडजोड केली, पण लांबी आणि धातूच्या बाबतीत तिने कुणाचं ऐकलं नाही. तिची जोडी मी दुपारी एकदा चालवून पाहिली आणि मुकाट्याने परत केली.