सहा आठवडे जमिनीवर

आज घोट्याचं प्लास्टर निघालं. पोटरी बघून हसूच आलं, काठीला मोजा घातल्यासारखी!

संध्याकाळी पणजीत मिरामारला आमची क्लायंबिंगची मंडळी जमली. बोलणं दोरी-हार्नेसवरून थेट विम्यावर घसरलं. माझा क्लेम 'साहसी खेळ' म्हणून अडकलाय. पॉलिसी नीट वाचली. विम्यातून वगळण्याच्या त्या कलमात रॉक क्लायंबिंग आहे खरं, पण 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला असेल तर. रविवारी कातळाला लटकणारा बँकेतला कारकून व्यावसायिक कधीपासून झाला? आणि फिजिओथेरपी? ती ओपीडीत, म्हणजे आपल्याच खिशातून.

कोणीतरी दीनदयाळ कार्डाची, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याची आठवण केली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला 4 लाख, पण गोव्यात किमान 5 वर्षं राहिलेलं हवं. यावर सावंतवाडीचा मित्र उसळला. मोठं काही झालं की त्यांच्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातच येतात, आणि 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे पैसे मोजावे लागतात. "आमका पॉलिसी नको, बांबोळी होयी," म्हणाला. मग आमदार, खासदार, दोन्ही सरकारं, सगळ्यांचा उद्धार. (निवडणुकीत तो मत कुणाला देतो ते मला ठाऊक आहे.)

मी मात्र टेबलाखाली गुपचूप घोटा फिरवत होतो. डावीकडे वळतो, उजवीकडे अजून नाही.