डावा पिस्टन

दोन्ही वेळा डावाच पिस्टन गेला होता, आणि दोन्ही वेळा घाटावर, म्हणजे सह्याद्रीच्या वरच्या पठारावर. टेम्पोतून मोटरसायकल उतरवता उतरवता एका मुलाने एवढंच सांगितलं आणि कापडात गुंडाळलेले ते दोन पिस्टन माझ्या हातात दिले. माथ्याच्या मध्यावर आरपार भोक, भोकाच्या कडा वितळून खाली ओघळलेल्या. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. आत काय भट्टी पेटली असेल ते त्या कडांवरून कळत होतं.

"काका, हय काय एक होणा नाय. घाटार नेली काय डावो पिस्टन गेलोच."

माझा धंदा ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांचा. जूनमध्ये मासेमारी बंद होते, बोटी वर ओढल्या जातात आणि देवगडात आम्हा मेकॅनिक लोकांना जेवायलाही फुरसत नसते. पण संध्याकाळी घरच्या पडवीत टू-स्ट्रोक इंजिनं उघडून बसणं हा माझा जुना नाद आहे आणि तो मी सोडणार नाही. ही गाडी तर राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये फरिदाबादला बनवायला घेतलेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. मूळ जपानी गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर; आपल्याकडे ती उतरवून साडेतीसवर आणली, नंतरच्या 'लो टॉर्क' मॉडेलात २७ वर. तरीही त्या काळात रस्त्यावर तिच्या पुढे जाणारं काही नव्हतं.

मुलाच्या काकांनी ती मुंबईत घेतली होती. पुढे गावी आणून ठेवली आणि समुद्राकडे तोंड असलेल्या घराच्या पडवीत ती कित्येक पावसाळे उभी राहिली. पोराने ती ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, तयार केली. सीट हलकी, सायलेन्सरच्या जागी एक्सपान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर पाइप), ऑइल पंप काढून टाकीतच तेल मिसळलेलं पेट्रोल, सिलिंडरमधले पोर्ट, म्हणजे हवा-धूर ये-जा करायची तोंडं, घासून साफ. काम मनापासून केलं होतं. ड्रॅग म्हणजे क्वार्टर माईल, ४०२ मीटर. सुरुवातीपासून रेषेपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडं, इंजिनाला मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. रस्त्यावर वर्षभर लपून राहणारा दोष तिथे काही सेकंदांत बाहेर येतो.

दोन्ही गॅरेजवाल्यांनी त्याला एकच सांगितलं होतं: घाटावरची हवा वेगळी, मिक्श्चर लीन होतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय; मेन जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, मोठा घाल. दोन्ही वेळा जेट मोठा केला. दुसऱ्याने तर डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सीलही, शाफ्टभोवती बसणारं रबरी कडं, नवीन घातलं होतं.

हे काही पटेना. उंचीवर हवा पातळ होते, दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के. हवा पातळ म्हणजे ऑक्सिजन कमी, आणि जेटमधून पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच येणार. म्हणजे घाटावर मिक्श्चर रिच, पेट्रोल जास्त असलेलं, व्हायला हवं, गाडी धूर काढत जड चालायला हवी. पिस्टन वितळायचं कारण नाही. आणि दोष हवेचा असता, तर तीच हवा उजव्या सिलिंडरलाही जात होती. उजवा पिस्टन काढून पाहिला, माथ्यावर तेलकट काळा थर. जेट मोठे करून उजवी बाजू उपाशी नव्हे, अति खाऊन बसली होती.

"मग जेट अजून वाढवया?" त्याने विचारलं.

"जेटाक हात लावू नको," मी म्हटलं.

जे फक्त डावीकडे चुकू शकतं ते एकेक करून बाद करायचं, एवढंच काम होतं. या गाडीला दोन सिलिंडरचे दोन वेगळे पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारे स्विच. डाव्याचं टायमिंग पुढे सरकलं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर नेमका असाच पिस्टन जातो. तिसरा पिस्टन आणि धुऊन साफ केलेला क्रँक घालून इंजिन बांधलं. प्लगच्या भोकात डायल गेज लावून दोन्ही बाजू पाहिल्या; पिस्टन वर पोचायच्या २ मिलिमीटर आधी पॉइंट उघडतात, जसे उघडायला हवेत. मग दोन्ही कार्बोरेटर उजवे-डावे अदलाबदल करून लावले. दोष कार्बोरेटरात असता तर तो त्याच्याबरोबर उजवीकडे गेला असता. गाडी चालू करून खळ्यात जरा गरम केली, थ्रॉटल उघडून सोडलं. आवाज खाली यायला वेळ लावत होता. डावा प्लग पांढराफटक, उजवा काळा. दोष डावीकडेच राहिला. कुठून तरी न मोजलेली हवा आत येत होती.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा नुसता डबा नसतो, तोच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथे ओढ तयार होते, खाली येताना दाब. कुठेही फट असली की ओढीच्या वेळी कार्बोरेटरला वळसा घालून कोरडी हवा शिरते. उजवीकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल खेचलं जातं आणि पांढऱ्या धुरातून तुम्हाला कळतं. डावीकडे, मॅग्नेटच्या बाजूला, तेल नसतं. तिथे फक्त हवा असते, आणि ती काहीच खूण सोडत नाही.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि लाइट गेलेली. तसाही या कामाला कंप्रेसर नको. जास्त दाबाने चांगलं सीलही बाहेर येतं. शेजारच्या डॉक्टरांकडून पाऱ्याचं जुनं बीपीचं मशीन आणलं. त्याचा रबरी पंप आणि पाऱ्याची नळी, क्रँककेसचा दाब बघायला याहून नेमकं साधन घरात मिळत नाही. पट्टीवरचे ३०० म्हणजे सहा पीएसआयला थोडे कमी. तेवढाच दाब लागतो. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं ट्यूबचं रबर आणि पत्र्याच्या चकत्यांनी बंद केली, इनटेकला रबरी बूच मारले. दोन्ही बाजू बंद कराव्याच लागतात, कारण दोन सिलिंडरांच्या मधलं सील लॅबिरिंथ (नुसत्या खाचांच्या) पद्धतीचं, ते हवा पूर्ण अडवत नाही. डाव्या बुचातून नळी घातली आणि मुलाला पंप दाबायला बसवलं.

पारा ३०० वर चढला आणि लगेच उतरू लागला.

साबणाचं पाणी आधी इनटेकवर, जिथे ऑइल पंपाच्या नळ्या काढून भोकं बुजवली होती. बुडबुडा नाही. सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, काही नाही. मग पुलर लावून मॅग्नेट काढला, प्लेट काढली आणि नव्या कोऱ्या सीलवर ब्रश फिरवला. सीलच्या ओठाला शाफ्टभोवती फेस आला. एकाच ठिकाणी नाही, जवळजवळ अर्ध्या वर्तुळात.

मुलगा म्हणाला, "सील तर नवीन आसा." सील खरंच नवीन होतं, रबर मऊ, स्प्रिंग जागेवर. इंजिन पुन्हा उघडून ते काढलं आणि शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने पुसला. बॅटरीच्या उजेडात, जिथे ओठ टेकतो त्याच रेषेवर, बारीक काळे खड्डे दिसले. नखाला लागत होते. इतके पावसाळे इंजिन एकाच स्थितीत उभं. खारी दमट हवा ओठाखाली साचली आणि तिथेच लोखंड खाल्लं. ट्रॉलरच्या शाफ्टवर अशा खाचा मी आयुष्यभर पाहत आलोय. त्यावर कितीही नवी सीलं घाला, ती गळणारच.

पॉलिश पेपरने एवढे खोल खड्डे जात नाहीत, आणि जास्त घासलं तर शाफ्ट बारीक होतो. बोटींना आम्ही करतो तेच केलं: पातळ स्टीलची स्लीव्ह. ती पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. कोल्हापूरला उद्यमनगरात माप देऊन मागवली, शाफ्टवर बसवली, नवीन सील घातलं. पुन्हा पंप. पारा ३०० वर चढला आणि मी चहा पिऊन आलो तरी तिथेच होता. त्या पोराने माझे दोन्ही हात धरले.

आता हिशेब जुळत होता. इथे कोकणात हवेत इतकी वाफ असते की ती ऑक्सिजनची जागा घेते आणि मिक्श्चर आपसूक रिच होतं. शिवाय आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर पूर्ण थ्रॉटल मिळतं कुठे? फटीतून येणारी हवा इथे खपून जात होती. घाटावर डिसेंबरच्या पहाटे हवा थंड आणि कोरडी, वाफेची ती मदत नाही, आणि थ्रॉटल सरळ ४०२ मीटर उघडं.

लीक झाकायला घातलेले मोठे जेट काढले, दोन पायऱ्या खाली आलो. गणपतीनंतर पाऊस ओसरल्यावर सड्यावर एका ओळखीच्या कलमांच्या बागेत, आतल्या सरळ रस्त्यावर गाडी पळवली. थ्रॉटल सोडलं की आवाज लगेच खाली.

डिसेंबरमध्ये पहाटे त्याचा धावपट्टीवरून फोन आला. थंडी खूप आहे, जेट वाढवू का? मी म्हटलं, आहे तोच ठेव. पहिल्या रनला रेषा ओलांडलीस की थ्रॉटल न सोडता तिथेच इंजिन बंद कर, त्याच क्षणी क्लच दाब आणि गाडी ढकलत परत आण; मग प्लग काढ. तासाभराने दोन्ही प्लगचे फोटो आले. दोघांचाही रंग सारखा, फिकट तपकिरी. त्याला टायमिंग अर्धा मिलिमीटर पुढे घ्यायचं होतं. मी नको म्हटलं, आणि त्याने ऐकलं. बाकीचे सगळे रन त्याने तसेच पूर्ण केले, आणि जानेवारीत हेड काढून पाहिलं तेव्हा दोन्ही पिस्टनचे माथे सारखेच होते. डाव्याला रिंगाही त्याच ठेवल्या.