मोटर पास झाली, चुलवाणाला रकानाच नाही

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचं काम अजून डोक्यातून जात नाहीये. मी एनर्जी ऑडिट करतो, जास्त करून फाउंड्री आणि कोल्ड स्टोरेजची. इथं मालकांना बँकेचं कर्ज पाहिजे होतं आणि त्यासाठी ऊर्जाबचतीचा रिपोर्ट. माणूस कष्टाळू, जीआयचा (म्हणजे भौगोलिक मानांकनाचा) अधिकृत वापरकर्ता. कोल्हापुरी गुळाला मानांकन 2014 ला मिळालं, पण प्रत्येक उत्पादकाला चेन्नईच्या रजिस्ट्रीत आपली वेगळी नोंदणी करावी लागते, ती फार थोडे करतात. यांनी केलीय.

ऊस पिळायच्या चरकाची मोटर 20 एचपीची, जुनी, रिवाइंड केलेली. सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे आयई3 सुचवायची (आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तेवढी वीज कमी). या साइजला आयई1 ची कार्यक्षमता 88.7 टक्के आणि आयई3 ची 92.1, म्हणजे फुल लोडला 10 तासांत साधारण 6 युनिट वाचतात, रिवाइंड मोटर असेल तर अजून थोडे. चांगलंच आहे, लिहिलं मी. पण मागं चुलवाणाकडं, म्हणजे रस आटवायच्या भट्टीकडं गेलो तर धुराड्याच्या तोंडातून जाळ बाहेर येत होता, काहिलीला (रसाच्या मोठ्या कढईला) लागायची उष्णता सरळ आभाळात. त्याच्यापुढं 6 युनिट म्हणजे काय हो? आणि फॉर्मवर मोटर, पंप, कंप्रेसर, लाइट सगळं आहे, चुलवाणाला रकानाच नाही.

मग चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, जो चुलवाणात जाळतात, हातात घेऊन पिळलं तर ओलं लागलं. चरकाच्या रोलरमधलं अंतर वाढलेलं, त्यामुळं रस चिपाडात राहतो, तेवढा गूळ गेला, वर तेच ओलं चिपाड जाळायचं तर आधी त्यातलं पाणी उडवण्यातच जाळ खर्च होतो, आणि मग मालक बाहेरून लाकूड विकत घेतात! हे कुठल्या स्टार लेबलवर दिसणार?

बँकेच्या साहेबांना फोन केला तर म्हणाले स्टीम बॉयलर दाखवा, ते फॉर्मात बसतं. गुळव्या मामा, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, शेजारीच होते. म्हणाले, "वाफंवर बी गूळ हुतोय की साहेब, पर भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येस्तवर जाळ दाबाय लागतोय, ते वाफंवर कसं करायचं आधी मला शिकवा." रास्त मागणी आहे. वाफेचा व्हॉल्व्ह फिरवून ते जमेलही, पण पहिल्या हंगामात बिघडलेला गूळ कोण भरून देणार? गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळच पाहिजे, म्हणून बाकीचे हायड्रोस (रंग उजळ करायची गंधकयुक्त पावडर) मारतात (सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 70 पीपीएम आहे, तपासतंय कोण), हे मारत नाहीत म्हणून यांचा गूळ तांबूस आणि दर कमी. एका खात्यानं नाव जपायला सर्टिफिकेट दिलं, दुसरं मशिन बदलायला सांगतंय, दोघांचं आपसात बोलणंच नाही.

मी रिपोर्टात दोन काहिलींचं चुलवाण सुचवलं, म्हणजे धुराड्याकडं जाणाऱ्या गरम हवेवर पुढचा रस तापतो, धुराड्याला डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप), आणि रोलरची सेटिंग. बँकेनं मोटर तेवढी मंजूर केली, बाकीचं "स्टँडर्ड इक्विपमेंट नाही" म्हणून परत. चुलवाण गवंडी बांधतो, त्याचं कोटेशन कुठल्या कंपनीच्या लेटरहेडवर आणू?

पन्हाळा, कागल बाजूला कुणी दोन काहिलींचं चुलवाण बांधून घेतलं असेल आणि चिपाड किती उरतं याचा हंगामभराचा हिशोब ठेवला असेल तर प्लीज कळवा, मला तो अपिलाला जोडायचाय.