बातूरच्या उतारावरून पाचपाखाडीच्या ओट्यावर

बालीतलं उबुद सोडून उत्तरेला निघालं की रस्ता चढायला लागतो. तेगल्लालांगची भातखाचरं मागे पडली आणि दोन्ही बाजूंना एकाच छापाच्या पाट्या सुरू झाल्या: लुवाक कॉफी, चव फुकट. ड्रायव्हरदादांनी सवयीने गाडी आत वळवली. लाकडी फळीवर छोट्या कपांत आलं, गवती चहा, व्हॅनिला अशा चवी मांडलेल्या, लुवाकचे पैसे मात्र वेगळे. मागच्या बाजूला पिंजरे होते.

लुवाक म्हणजे आपलंच उदमांजर, कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते. रानात हा रात्री फिरणारा प्राणी नाना तऱ्हेची फळं आणि किडे खातो, त्यातच कधी कॉफीची पिकली फळं. त्याच्या विष्ठेतून निघालेल्या बियांना जगभरात भाव आला आणि मागोमाग पिंजरे आले. भर दुपारी जाळीच्या कडेने तेच तेच फेरे घालणारं ते जनावर बघून आई म्हणाली, “चल गं, इथलं काही नको.” आम्ही निघालो. आमच्या सोसायटीत बालीहून आलेलं लुवाकचं पाकीट मी बऱ्याच घरांत पाहिलंय. ते कसं तयार होतं हे बघितलं तर निम्मे लोक तरी घेणार नाहीत, याची मला खात्री आहे.

मला हवी होती किंतामणीची, म्हणजे बालीच्या वरच्या डोंगराळ भागातली कॉफी. बातूर हा 1717 मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी तळं आणि भोवतीच्या डोंगरउतारांवर कॉफीच्या बागा. विसाव्या शतकात तो अनेकदा भडकला, 1926 साली तर जुनं बातूर गाव लाव्ह्याखाली गेलं. त्याच राखेच्या काळ्या, भुसभुशीत मातीत आज अरेबिका जातीची कॉफी पिकते. वर पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि आईने पिशवीतून शाल काढली.

बागेत पाऊल ठेवल्यावर पहिल्यांदा नजर गेली ती पांगाऱ्यावर. कॉफीला सावली म्हणून तो मुद्दाम लावलेला. अधूनमधून संत्र्याची झाडं. संत्र्यामुळेच इथल्या कॉफीला लिंबासारखी चव येते, असं तिथे सगळे सांगतात. मला विचाराल तर त्याचं श्रेय उंचीला, कॉफीच्या जातीला आणि बिया धुवायच्या पद्धतीला जास्त आहे. पण संत्र्यांनी शेतकऱ्याला दुसरं उत्पन्न मिळतं, हे कारणही काही कमी नाही.

इथले शेतकरी ‘सुबाक अबियान’ या गावसंस्थेत बांधलेले आहेत. भातशेतीचं पाणी वाटून घेणाऱ्या बालीच्या सुबाक पद्धतीमुळे घडलेला तिथला मुलूख 2012 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात फड पद्धत आहे, त्याच जातकुळीतली ही गोष्ट. सुबाक अबियान मात्र कोरडवाहू बागांसाठी. या एकीच्या बळावर किंतामणीच्या अरेबिकाला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इंडोनेशियातलं पहिलंवहिलं. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला ते 2016 साली मिळालं.

संस्थेच्या शेडमध्ये एक वयस्क बाई बिया निवडत बसल्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना ‘इबू’ म्हणत होतो. त्यांनी मूठभर सुकलेल्या बिया माझ्या तळहातावर ठेवल्या. वर कागदासारखं पिवळसर टरफल. नखाने दाबलं की ते तडकतं आणि आतून निघते हिरवट-करडी बी, एका अंगाने सपाट, मधोमध चीर. वास कॉफीचा अजिबात नाही, ओल्या गवताचा. लाल फळं तोडल्यावर साल काढायची, चिकट गर आंबवून धुवायचा, मग उन्हात सुकवायचं, हे सगळं इबूंनी हातवारे करून दाखवलं. फुटकी किंवा काळी बी त्यांच्या बोटांतून सुटत नव्हती.

कच्च्या बिया मी मागितल्या नाहीत, कारण झाडं-बियाणं देशात आणायला क्वारंटाइनचे नियम कडक आहेत. त्याच आठवड्यात भाजलेल्या अख्ख्या बिया घेतल्या, पाव किलोला 80,000 रुपिया. आकडा ऐकून आई दचकली, पण आपल्या पैशांत ते साडेचारशेच्या आतबाहेर. पैसे संस्थेच्या हातात गेले, याचं समाधान मोठं होतं.

परतीच्या वाटेवर आईला सांगत होते की डचांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, 1696 आणि 1699 मध्ये, मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली. पहिली पुरात गेली, दुसरी रुजली. इंडोनेशियात कॉफीची लागवड सुरू झाली ती आपल्या किनाऱ्यावरून. आईने लगेच विचारलं, “मग त्यांनी आपल्याला काय दिलं?” जायफळ! ते मूळचं इंडोनेशियातल्याच बांदा बेटांचं. मराठी घरातली कॉफी ज्याच्याशिवाय पुरी होत नाही, ते तिकडून आलेलं.

ठाण्याला पाचपाखाडीत घरी आल्यावर कॉफी बालीतल्यासारखी तुब्रुक पद्धतीने केली. मिक्सर थांबत थांबत फिरवला, म्हणजे बिया तापत नाहीत. काचेच्या ग्लासात दोन चमचे बारीक पूड, वर उकळतं पाणी, एकदा ढवळायचं आणि चारेक मिनिटं हात लावायचा नाही. गाळ तळाशी बसतो. पहिल्या घोटाला मोसंबीच्या सालीसारखी हलकी आंबट झाक येते, कडूपणा मागून आणि तोही सौम्य. दूध घातलं की ही झाक पार हरवते, म्हणून मी कोरीच पिते. आईने अर्थात दूध घातलं, साखर घातली आणि वर जायफळ किसलं. तिची कॉफीही छान लागली, पण त्यासाठी बालीतल्याच पुपुआन भागातली रोबस्टा जातीची कॉफी जास्त शोभेल. ती दाट आणि कडू असते, दुधापुढे हार मानत नाही.

समोरच्या काकू ऑगस्टमध्ये बालीला निघाल्यात. तोडणीचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर, म्हणजे त्यांना झाडावर लाल फळं बघायला मिळतील. त्यांना सांगून ठेवलंय: पाट्यांपाशी थांबू नका, सरळ वर जा, पाकिटावर भाजल्याची तारीख बघा आणि बिया अख्ख्याच घ्या. दळून मी देईन.