पीव्हीसी आरओव्ही, नोंद ३: प्लावक बल जुळलं, आता थ्रस्टचा हिशोब

आरओव्ही म्हणजे केबलनं वरून चालवायचं पाण्याखालचं यान, प्लावक बल म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा रेटा आणि थ्रस्ट म्हणजे मोटर-प्रोपेलरचा ढकलण्याचा जोर. सध्याची स्थिती: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची फ्रेम, बोटीतलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या १२ व्होल्टच्या तीन मोटरी (दोन आडव्या, एक उभी), कॅमेऱ्यासाठी ६३ मिमी पाइपची २२ सेमी लांब बंद नळी, १५ मीटर केबल. गोड्या पाण्यात यान ४० ग्रॅमनं तरंगतं. हे ४० ग्रॅम मुद्दाम राखलेत. वीज गेली, केबल तुटली, तर यान आपणहून वर आलं पाहिजे. ते शून्यावर आणायचा मोह होतो, तो टाळा. आणि हेही लक्षात ठेवा की कॅमेऱ्याच्या नळीत ४० मिली पाणी शिरलं की ही राखीव शिल्लक संपली.

भागांचं आकारमान काढायला सूत्रं लागत नाहीत. १० किलोपर्यंतच्या, १ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची बादली ठेवा, काटा शून्य करा आणि भाग दोऱ्यानं पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. पाणी भागाला जितकं वर ढकलतं तितकाच भाग पाण्याला खाली ढकलतो, म्हणून काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजेच प्लावक बल. तरंगणारा भाग बारीक तारेनं दाबून धरला तरी चालतं. हवेतल्या वजनातून हा आकडा वजा करा, पाण्यातलं वजन हाती येतं.

फ्रेम हवेत ११८० ग्रॅम, विस्थापन (बाजूला सारलेलं पाणी) ८४० मिली, म्हणजे पाण्यात ३४० ग्रॅम. मोटरी प्रत्येकी २६० ग्रॅम आणि १३० मिली, तिघींचे पाण्यात ३९० ग्रॅम. बोल्ट-क्लिपा पाण्यात ९५. कॅमेऱ्याची नळी ५४० ग्रॅमची पण ६८६ मिली जागा घेणारी, त्यामुळे ती उलट १४६ ग्रॅम उचलते. बेरीज ६७९ ग्रॅम बुडणारी. फ्रेमच्या तळाला स्टीलचं वजन बांधलं, पाण्यात २०० ग्रॅम भरेल इतकं (हवेत सुमारे २२९). वर दोन फ्लोट: ७५ मिमी पाइप, दोन्ही टोकांना एंड कॅप, टोप्यांसह १५ सेमी, प्रत्येकी ४६९ ग्रॅम उचल. ९३८ वजा ८७९ म्हणजे ५९. त्यातले १९ ग्रॅम वॉशर लावून मारले.

फ्लोटला फोम का नाही? पाणी प्रत्येक पृष्ठभागाला लंब रेटतं आणि खोलीबरोबर तो रेटा वाढतो. १० सेमीचा घन डबा घ्या. वरचा पृष्ठभाग २० सेमी खोल असेल तर वरून १९.६ न्यूटन, खालून २९.४. हाच डबा २ मीटरवर नेला तर १९६ आणि २०५.८. फरक दोन्हीकडे ९.८ न्यूटन, म्हणजे डब्यानं सारलेल्या १ लिटर पाण्याचं वजन. खोलीनं प्लावक बल बदलत नाही, पण ते आकारमान टिकलं तरच. मऊ फोम इथेच दगा देतो. १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, फोम दबतो, उचल घटते, यान आणखी खाली जातं आणि फोम आणखी दबतो. टोप्या बसवलेला पाइप या खोलीला आकार सोडत नाही. टोप्या चिकटवणाऱ्या सॉल्व्हंट सिमेंटला पूर्ण २४ तास द्या. मग फ्लोट रात्रभर विहिरीत खोल सोडून ठेवा आणि कोरडा पुसून पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर तो गळतोय.

फ्रेमचं मात्र उलट आहे, तिच्यात पाणी भरलंच पाहिजे. प्रत्येक नळीला आणि एल्बोला वर-खाली ६ मिमीची भोकं पाडा. अडकलेल्या हवेचा प्रत्येक मिली एक ग्रॅम उचलतो आणि यान कललं की निसटतो, मग दर बुडीला जुळवणी वेगळी दिसते. चाचणीच्या टबात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले की बुडबुडे चिकटून राहत नाहीत.

आता थ्रस्ट. टबाच्या कडेवर मध्यातल्या खिळ्याभोवती फिरणारी, समान भुजांची उभी लाकडी दांडी घ्या, खालच्या टोकाला पाण्यात मोटर, वरच्या टोकाला बॅगा तोलायचा लटकता काटा. ६० मिमी प्रोपेलरनं थेट बॅटरीवरून ३ अँपिअरला पुढे ४३० ग्रॅम दिले, उलट फिरवल्यावर २५० च. पाती एकाच दिशेसाठी घडवलेली असतात आणि उलट्या प्रवाहाच्या वाटेत मोटरच येते. म्हणून उभी मोटर अशी बसवली की तिची जोरकस दिशा यानाला खाली नेईल. वर यायला ४० ग्रॅम आहेतच. वाचन मोटर सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांतच घ्या. लहान टबात पाणी गोल फिरू लागतं आणि आकडा पडतो.

४३० ग्रॅम म्हणजे ४.२ न्यूटन. आदर्श हिशोबात या व्यासाला त्यासाठी ३.६ वॅट पुरतात, मोटर खाते ३६. बाकी उष्णतेत, भोवऱ्यात आणि पात्यांच्या सदोष आकारात जातं. मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलर जास्त पाणी कमी वेगानं ढकलतो आणि तितक्याच वॅटला जास्त थ्रस्ट देतो. पण थेट शाफ्टवर चढवला तर मोटर जास्त करंट ओढून तापते, त्याला गिअर लागतो.

विजेची सगळ्यात मोठी गळती केबलमध्ये सापडली. ०.७५ चौ. मिमी तांब्याच्या १५ मीटर जोडीचा जाऊन-येऊन रोध ०.६९ ओहम. एकाच मोटरला सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच गेले आणि थ्रस्ट ३१० ग्रॅमवर आला. दोन मोटरी एकाच जोडीवर चालवणं तर विसराच. प्रत्येकीला वेगळी १.५ चौ. मिमीची जोडी टाकायचं काम सुरू आहे. केबल जाड झाली की जड होते, तेव्हा तिचा एक मीटर तुकडाही बादलीत तोलून घ्यायचा आणि तिला स्वतःचे फ्लोट द्यायचे.

नाक वर उचललं जाण्याचा दोषही मोजून सुटला. आडव्या मोटरींची रेषा पाण्याच्या विरोधाच्या केंद्राखाली ४ सेमी होती: दोघींचा थ्रस्ट ६२० ग्रॅम गुणिले ४. त्याला सावरणारं यानाचं वजन ३४०० ग्रॅम गुणिले ५ सेमी, कारण प्लावक बलाचं केंद्र गुरुत्वमध्याच्या तितकं वर आहे. गुणोत्तर ०.१४६, म्हणजे ८ अंश कल. मोटरी ४ सेमी वर सरकवल्या.

समुद्रासाठी वेगळी जुळवणी लागेल. ३.४ लिटरच्या यानाला खाऱ्या पाण्यात २.५ टक्के, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम जादा उचल मिळते. मालवण किंवा तारकर्लीला नेताना ९८ ग्रॅम स्टील वाढवायचं. खाडीत भरती-ओहोटीनुसार खारेपणा बदलतो, तिथे १०-१० ग्रॅमचे वॉशर सोबत घेऊन पाण्यावरच जुळवणी करावी लागेल.