खो-खोचं मैदान, चौथीच्या मापाचं

उद्या तिसरी-चौथीचे सामने, म्हणून आज मैदान आखलं. मोठ्यांचं 27 बाय 16 मीटर या मुलांना फार होतं, दुसऱ्या डावात पायच उचलत नाहीत. 20 बाय 12 पुरे. कोपरा नजरेनं काटकोनात येत नाही. सुतळीला 3, 4 आणि 5 मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणायचा. मग दोन्ही कर्ण मोजायचे, 23 मीटर 32 सेंटिमीटर आले की झालं. आखण्याआधी पाणी शिंपडा, नाहीतर कोरड्या मुरुमावरची फक्की पहिल्याच डावात उडते, आणि चुन्याची असली तर डोळ्यांत जाऊन चुरचुरते.

खांब दीड फूट पुरून आजूबाजूची माती ठोकून घ्या. मुलं त्याला लटकून वळतात, सैल खांब डुलतो. कडेची धार घासलेली हवी.

सरावात सगळ्यात जास्त फाऊल एकाच गोष्टीचे: ‘खो’ कानावर पडायच्या आत पोरगं उठलेलं असतं! त्यात बसणारा टाच टेकून बसला की उठताना तोल मागं जातो. टाचा वर, बोटं जमिनीला. ‘खो’ पाठीवर हात टेकूनच द्यायचा, धक्का मारून नाही. धक्क्यानं समोरच्याचा तोल जातो.

पाण्याची घागर सावलीत, खांबापासून लांब.