तुम्ही विचारलंत म्हणून: चिकटलेलं नाही, तर सुटत का नाही?

सुट्टीला मालवणला गेले की दांडीच्या किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले शेजारचे काका मला दरवेळी एकच प्रश्न टाकतात. मी एकमेकांत अडकलेल्या रेणूंवर, त्यातही पेप्टाइडांवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या माळांवर, काम करते, एवढं त्यांना ठाऊक आहे. "चिकटवलेला नाय, मगे सुटणा कित्याक नाय?" कॉलेजातली मुलंही हेच विचारतात, जरा शुद्ध मराठीत.

यंदा मी काकांच्याच जाळ्याची बोया, म्हणजे जाळं तरंगत ठेवणारा ठोकळा, हातात घेतली. दोरी भोकातून आरपार, आणि बोयेच्या दोन्ही अंगांना एकेक गाठ. डिंक नाही, खिळा नाही, तरी बोया जागची हलत नाही.

मायक्रोसिन जे25 नावाचं पेप्टाइड असंच आहे. ई. कोलाय जिवाणूच्या काही जाती ते बनवतात आणि जवळपासच्या भाऊबंदांना मारायला वापरतात (भाऊबंदकी कोकणातच आहे असं कुणी समजू नये). 21 अमिनो आम्लांची ही माळ. पहिलं अमिनो आम्ल आठव्याच्या बाजूच्या फांदीला जोडलं जातं, त्याचं कडं होतं, आणि माळेचं शेपूट वळून त्याच कड्यातून जातं. झाला फास. शेपटावरची 19वी आणि 20वी अमिनो आम्लं चांगली जाडजूड. एक कड्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. त्याच त्या दोन गाठी. पेप्टाइड उकळलं तरी शेपूट निसटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. सगळ्याच फासांचं असं नसतं म्हणा. गाठ बारीक असली तर काही पेप्टाइडं तापवल्यावर सुटतात.

खरी मेख क्रमात आहे. कडं आधी बंद झालं तर गाठीसकट शेपूट आत जाणार कसं? म्हणून जिवाणूची एन्झाइमं, म्हणजे रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं, माळ आधी नीट दुमडून धरतात आणि मगच कडं बंद करतात. प्रयोगशाळेत नुसती पहिल्या-आठव्याची जोडणी केली, तर शेपूट बाहेरच लोंबत राहतं.

"पण आत गेलला ता दिसला कोणाक?" काकांनी पकडलंच.

सुरुवातीला नव्हतंच दिसलं. 1999 मध्ये या माळेची दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणजे ती साधं वर्तुळ आहे, असंच छापलं गेलं होतं. वजनावरून फरक कळणार नव्हता, कारण दोन्ही रचनांत जोडताना पाण्याचा एकच रेणू जातो. 2003 मध्ये तीन गटांनी ती चूक दुरुस्त केली. थर्मोलायसिन नावाच्या एन्झाइमने कडं आणि आत गेलेलं शेपूट यांच्यामधला माळेचा बाहेरचा फेर कापला की दोन तुकडे होतात. मध्ये एकही रासायनिक बंध उरत नाही, तरी तुकडे वेगळे होत नाहीत, म्हणजे शेपूट कड्यात अडकलेलंच आहे.

काकांनी दोरीचं एक टोक बोयेलाच बाहेरून बांधलं, फेर घेऊन दुसरं टोक भोकातून काढलं, दोन्हीकडे गाठी मारल्या आणि सुरीने मधला फेर कापला. मग भोकातला तुकडा दोन्ही बाजूंनी ओढून बघितला.

"खरा हा गो बाय," म्हणाले. "आता दोरयेचे पैशे दी."